संगमरवरावरचे तिसरे नाव

पोलीस खात्यातली माझी नोकरी फार वर्षांची नव्हती. निवृत्तीचे वय होण्याच्या कितीतरी आधी राजीनामा देऊन मी बाहेर पडले. त्याची कारणे घरची आहेत आणि इथे सांगण्यासारखी नाहीत. हाताखालून गेलेली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळली आहेत. कोणत्या चोरीत कोण पंच होता, असे कुणी विचारले तर सांगता येणार नाही. एका प्रकरणाचे मात्र तसे झालेले नाही. त्यातली माणसे अजून त्याच भागात राहतात, म्हणून गावाचे आणि कुणाचेही नाव लिहीत नाही. अमरावती जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव, एवढे पुरे.

मी तिथे उपनिरीक्षक होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. पंचनाम्याचे मराठी मला ठाण्यात आल्यावर जमादारांनी शिकवले. आमच्याकडे हवालदाराला जमादार म्हणतात आणि ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदार. हे जमादार निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले आणि कधीही घाई न करणारे गृहस्थ होते. मी फार बोलत नाही हे पाहून पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "मॅडम, तुमी बोलत नाही, थे बरंच हाय. आपण गप बसलो का समोरचा भरून काढते."

स्मारक तालुका क्रीडा मैदानाच्या कोपऱ्यात, रस्त्याला लागून आहे. सैन्यातल्या एका खास तुकडीचे ते स्मारक. पॅराशूटने शत्रूच्या पाठीमागे उतरायचे, दिलेले काम करायचे आणि जमले तर परत यायचे, असे त्या तुकडीचे काम. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका लढाईत त्यातले आमच्या भागातले तीन जवान परत आले नाहीत. माजी सैनिकांनी पुढाकार घेऊन चौथरा बांधला. वर उघडलेल्या छत्रीचे आणि कट्यारीचे लोखंडी चिन्ह, खाली पांढऱ्या संगमरवराची पाटी आणि तिच्यावर काळ्या रंगाने भरलेली तीन नावे. वर्षातून एकदा त्या लढाईच्या दिवशी तिथे सलामी होत असे. एरवी तिकडे कुणाचे लक्ष नसायचे.

दोन प्रकारची माणसे याला अपवाद होती. एक म्हणजे तिसऱ्या जवानाचे वडील. हा जवान गावातल्या बौद्ध वस्तीतला. वडील एसटीत चालक होते, आता निवृत्त. दर रविवारी ते ओले फडके घेऊन येत आणि पाटी पुसून जात. तिन्ही नावे पुसत, फक्त मुलाचे नाही. दुसरी म्हणजे सैन्यभरतीची तयारी करणारी मुले. ती पहाटे या मैदानावर धावत आणि धावण्याआधी पाटीला हात लावत. त्यातही तिसऱ्या नावाला. त्या जवानाने तुकडीच्या निवडीत धावताना सगळ्यांना मागे टाकले होते, अशी गोष्ट मैदानावर सांगितली जायची. त्याच्या नावाला हात लावला की रनिंग निघते, म्हणजे धावण्यात पास होता येते, असे मुलांनी ठरवूनच टाकले होते. हात लावणाऱ्यांत सगळ्या जातींची मुले होती.

मे महिन्यातला सोमवार होता. सलामीचा दिवस पुढच्याच आठवड्यात होता. सकाळी मुलांनीच ठाण्यात फोन केला. मी आणि जमादार पोहोचलो तेव्हा पहिली दोन नावे जागेवर होती. तिसऱ्याच्या जागी खडबडीत, खडूसारखा पांढरा पट्टा होता. अक्षरांच्या कडा विरघळून गेल्या होत्या. तिथे काय लिहिले होते हे माहीत नसलेल्या माणसाला ते वाचता आले नसते.

जमादारांनी वाकून वास घेतला. "ॲसिड हाय मॅडम. बाथरूमची फरशी धुवाचं."

मी पंचनामा लिहायला घेतला. पट्टा फक्त नावापुरता नव्हता. खालच्या चौकटीवर आणि चौथऱ्याच्या कडेवरही फेस येऊन गेल्यासारखे डाग होते. पायाशी नारळाच्या करवंटीचे दोन तुकडे पडले होते, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. मैदानावर असा कचरा नेहमीच असतो, तरी तेही लिहून घेतले. पंचनाम्यात आपले मत लिहायचे नसते, दिसेल ते लिहायचे असते, हे मला जमादारांनीच शिकवले होते.

पंचांच्या सह्या होईपर्यंत वस्तीतली माणसे आली होती. तीन नावांतले एकच नाव मिटवले होते आणि ते कुणाचे होते हे सगळ्यांना दिसत होते. दुसरा अर्थ लावायला कुणी थांबले नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. त्यांनी याआधी जे पाहिले होते त्यात हाच अर्थ बसत होता. दुपारपर्यंत रस्ता बंद झाला, दुकानांची शटर खाली आली, अमरावतीहून जादा कुमक मागवावी लागली. वस्तीतल्या तरुण मंडळाच्या अध्यक्षाने फिर्याद दिली. ॲट्रॉसिटीचे कलम लागले. या कायद्याखालचा तपास उपअधीक्षकांनीच करायचा असतो, म्हणून आमचे उपअधीक्षक साहेब तपास अधिकारी झाले आणि मला त्यांच्या मदतीला दिले. रस्त्याच्या कडेला मंडप उभा राहिला. पुढे खुर्चीवर जवानाच्या वडिलांना बसवले होते, मांडीवर मुलाचा फोटो. भाषणे चालू होती. ते मात्र एक शब्द बोलले नाहीत. माणूस दुःखात आहे, असेच आम्हा सगळ्यांना वाटले.

संध्याकाळी खबर आली. मैदानासमोरच्या पंक्चरवाल्याने जमादारांना बाजूला घेतले.

"माह्यं नाव नका घेऊ हं जमादार. रविवारी सक्काउन मी दुकानाचं टिनपत्र नीट करून राहिलो होतो. थो भरतीवाला पोट्टा हाय नं, उंच, थो थैली घेऊन आला. पाटीजवळ बसून होता एकटाच. इकडंतिकडं पाहे. मंग हात पुशीत निंघून गेला."

"रविवारी रनिंग असते काय?"

"नसते नं. म्हणून तं सांगून राहिलो."

मुलगा शेतकरी कुटुंबातला, हिंदू, गावाबाहेरच्या पुऱ्यात, म्हणजे वाडीवर, राहणारा. बाप नव्हता. आम्ही घरी गेलो तेव्हा तो अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होता. त्याची आई जीपसमोर उभी राहिली. "थो काही करत नाही जी. सकाळी पळते, संध्याकाळी पळते, अन् मधात जेवते. एवढंच काम हाय त्याचं."

त्याला अटक झाली. न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. गावात ही बातमी पसरताच दोन्ही बाजू आणखी कडक झाल्या. वस्तीला आरोपी मिळाला होता. त्याच्या पुऱ्यातले लोक म्हणू लागले की पोलिसांनी मोर्चाच्या भीतीने पोरगा उचलला.

चौकशीत त्याने एकच वाक्य धरून ठेवले. "मी नाव नाही मिटवलं."

"थैलीत काय होतं?" साहेबांनी विचारले.

उत्तर नाही.

"पाटीजवळ काय करत होतास?"

"काही नाही, सर."

लॉकअपवरचा शिपाई वैतागून म्हणाला, "बोल नं बे! तोंडात काय तंबाखू धरून बसला?"

मुलाने मान खाली घातली. जो माणूस अर्धे सांगतो आणि अर्धे लपवतो त्याच्याबद्दल पोलिसांचे मत लवकर बनते. ठाणेदार म्हणाले, यानेच केले, दोन दिवसांत फुटेल. रिमांडच्या कागदावर 'आरोपी तपासात सहकार्य करीत नाही' असे लिहिले गेले, आणि ते खरे होते.

मंगळवारी दुपारी त्याची आई डबा घेऊन आली. डबा तपासून आत पाठवायचे काम माझ्याकडे होते. ती माझ्याजवळ उभी राहिली आणि आवाज खाली करून म्हणाली, "बाई, गुरुवारी अकोल्याले भरती हाय त्याची. लेखी निंघाली. धावाचं तेवढं राह्यलं. पुढच्या खेपेले वय निंघून जाते त्याचं."

मी डब्याचे झाकण लावले.

"तुमी त्याच्याच वयाच्या दिसता जवळजवळ," ती म्हणाली. "तुमाले तरी समजाले पाह्यजे."

डबा मी स्वतः आत नेला. ठेचा, भाकर आणि वांग्याची भाजी होती. तो जेवत नव्हता. मी समोरच्या बाकावर बसून राहिले. ठाण्यातला कूलर बंद होता आणि भिंतीसुद्धा गरम झाल्या होत्या. मी त्याच्या हातांकडे पाहत होते. हात स्वच्छ होते, पण नखांच्या कडेला बारीक नारिंगी रेघ होती. मातीची नव्हती. तेव्हा मला मुंग्या लागलेली करवंटी आठवली. एखाद्याचे नाव मिटवायला आलेला माणूस तिथे नारळ फोडत नाही.

"नारळ तू फोडलास?" मी विचारले.

त्याने दचकून वर पाहिले.

"नवस होता?"

तो रडायला लागला. मोठा उंच मुलगा, गुडघ्यात तोंड घालून रडत होता. जमादार दारात येऊन उभे राहिले. मी हाताने त्यांना थांबवले.

"सांगाचा नसते नं मॅडम," तो म्हणाला. "नवस सांगितला का फळत नाही. म्हणून नाही बोललो. मले मारा, पण थे नका विचारू."

आमच्या भागात हे पक्के मानतात. नवस बोललेला माणूस तो फिटेपर्यंत आईलाही सांगत नाही. ते मला माहीत होते. पण कोठडीत बसलेला माणूस तेवढ्यासाठी गप्प राहील, हे डोक्यात आले नव्हते.

"गुरुवारी तू इथेच बसून राहिलास तर तो कसा फळणार?" मी म्हणाले.

त्याने डोळे पुसले. मग एकेक करून सांगू लागला. रविवारी मैदानावर कुणी नसते म्हणून तो पहाटे गेला. थैलीत नारळ आणि तेलात कालवलेला शेंदूर होता. देवाला लावतात तसा शेंदूर त्याने तिसऱ्या नावाला लावला. चौकटीलाही लागला, खाली थोडा ओघळला. नारळ फोडला आणि नवस बोलला.

"काय बोललास?"

"पास झालो तं पाटीवर छत बांधून देईन म्हटलं. ऊन लागते नं त्यायले."

जमादार दारातून निघून गेले. थोड्या वेळाने नाक शिंकरल्याचा आवाज आला.

साहेबांना बोलावून पुन्हा सगळे विचारले. ते स्वभावाने संशयी होते आणि तपास अधिकाऱ्याने तसेच असावे. "ते कुणाचं नाव आहे, तुला माहीत होतं?" त्यांनी विचारले.

"हो सर. वस्तीतले होते थे."

"तरी शेंदूर लावलास?"

मुलाला प्रश्न कळला नाही. "त्यायच्याच नावानं रनिंग निंघते, सर. बाकीच्या दोघायच्या नाही निंघत."

नखांतल्या शेंदराचा नमुना घेतला. साहेब म्हणाले, "शेंदराची गोष्ट आपल्या तिघांत राहिली पाहिजे. वस्तीत कळलं तर आणखी पेटेल. त्यांच्या जवानाला शेंदूर लावणं हीसुद्धा त्यांना विटंबनाच वाटेल." ते बरोबर होते. बौद्ध घरांतून शेंदूर, नारळ, नवस हे सगळे छप्पन सालच्या धर्मांतरात बाहेर गेले. ते परत येणे म्हणजे काय, हे त्या घरात जन्मलेल्यालाच कळते.

मी पुन्हा मैदानावर गेले. पाटी आणि चौकटीच्या सांध्यात काडी फिरवली. काडीच्या टोकाला नारिंगी आले. मग डागांकडे पाहिले आणि गोष्ट सरळ झाली. ॲसिड जिथे जिथे शेंदूर होता, बरोबर तिथेच पडले होते. चौकटीवर आणि ओघळाच्या जागीही. नाव मिटवायचे असते तर कुणी चौथरा धुतला नसता. म्हणजे ॲसिड टाकणाऱ्याला नाव मिटवायचे नव्हतेच. त्याला शेंदूर काढायचा होता. ग्रॅनाइट असते तर काही झाले नसते. संगमरवर ॲसिडने विरघळतो, हे त्याला माहीत नव्हते.

कुणाला काढायचा होता, याचा अंदाज मला तिथेच आला. तो मी साहेबांना सांगितला नाही. अंदाज सांगायचा नसतो.

बुधवारी सकाळी मंडपात गर्दी होण्याआधी मी आणि जमादार जवानाच्या घरी गेलो. वडिलांचा पुरवणी जबाब घ्यायचा होता. या मुलाशी काही जुने वैर आहे का, एवढाच प्रश्न कागदावर होता. घर स्वच्छ, भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि मुलाचा टोपी घातलेला फोटो. वडील खुर्चीवर बसले, उजवा हात सदऱ्याच्या खिशात. जवानाच्या आईने पाणी दिले आणि ती दाराशी जमिनीवर बसली.

"त्या मुलाला ओळखता, बाबा?"

"नाही."

"त्याच्या घरच्यांशी कधी काही?"

"काहीच नाही. मी कोनाशी कावून भांडू?"

जमादार लिहीत होते. मी गप्प बसले. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. मग वडील एकदम तापले.

"पण मी म्हनतो, हिंमत कशी झाली त्यायची? माह्या पोराले शेंदूर फासाची? त्याले काय दगडातला देव समजले काय? थो काय त्यासाठी मेला?"

जमादारांचे पेन थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. कागदाकडेच पाहत राहिले.

"बाबा," मी म्हणाले, "शेंदूर लावला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. शेवटी दाराशी बसलेली जवानाची आई म्हणाली, "सांगून टाका आता. दोन दिस झाले, घास गेला नाही तुमच्या पोटात."

त्यांनी खिशातून हात बाहेर काढला. बोटांची टोके पांढरी पडली होती, कातडी सोलली होती.

"रविवारी दुपारी गेलतो," ते म्हणाले. "ऊन असं का रस्त्यावर कुत्रंबी नाही. पाह्यलं तं हे. माह्या बापानं घरचे देव नदीत सोडले, मले आठवते, मी लहान होतो. अन् माह्याच पोराचा देव केला? फडक्यानं पुसलं. निंघे नाही. साबण लावला, घासलेट लावलं. तं अक्षरायत आणखी आत जाय. मंग घरून थे बाथरूमचं आणलं."

"मग?"

"फेस आला पांढरा. मले वाटलं, मळ निंघून राहिला. अजून टाकलं. पानी मारलं अन् पाहतो तं..." ते थांबले. "शेंदूर गेला. नावबी गेलं."

जवानाच्या आईने पदर तोंडाला लावला.

"कोनी चांगल्या मनानं लावला असन, मले समजलं नाही काय? समजलं. पण त्याले देव नव्हतं होऊ द्याचं मले. देव झाला का मंग झालं. मंग थो आपला राहते काय? त्याले मानूस राहू द्याचं होतं."

"सोमवारी का नाही बोललात?" हे जमादारांनी विचारले, अगदी हळू.

"बोलनार होतो. सकाळीच पोरं आले, म्हने, बाबा, त्यायनं नाव मिटवलं. मले खुर्चीत बसवलं. माह्यासाठी उन्हात बसले थे, जमादार. घरदार सोडून. त्यायले काय सांगू, मीच मिटवलं म्हनून?"

मग मी त्यांना मुलाबद्दल सांगितले. उद्या त्याची अकोल्याला धाव आहे. ही हुकली तर वय निघून जाईल. तो कोठडीत का गप्प बसला होता, तेही सांगितले. छताचेही सांगितले. ते ऐकत राहिले. आरोपी सापडला एवढेच त्यांना माहीत होते. तो कोण, कुठला, हे त्यांनी विचारलेच नव्हते. विचारायची भीती वाटत होती, असे ते नंतर म्हणाले.

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. त्यांचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर व्हायला हवा होता. मी तसे म्हटल्यावर ते उठले. "पहिले मंडपात जातो. माह्याच तोंडून आयकू द्या लोकायले."

साहेबांना हे पसंत नव्हते. "हे असं बाहेर गेलं तर दगड दोन्हीकडून येतील," ते फोनवर म्हणाले. बंदोबस्त वाढवला. म्हातारा मंडपात उभा राहिला, माईक न घेता बोलला. मागच्यांना ऐकू आले नसावे, कारण बोलणे संपल्यावर मागून कुणीतरी घोषणा दिली आणि पुढच्यांनी वळून त्याला गप्प केले. फिर्याद देणारा अध्यक्ष त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, पोलिसायनं सांगाले लावलं काय?"

"नाही रे बाबू."

"आमाले तोंड दाखवाले जागा नाही ठेवली तुमी."

"हो," ते म्हणाले.

तो चपला घालून निघून गेला. एकेक करून बाकीचेही उठले. दगड आले नाहीत. दुसऱ्या बाजूने संध्याकाळी फटाके वाजले. मला दगडांपेक्षा ते जास्त लागले.

जबाब झाला. अहवाल तयार करायला रात्र गेली. पण आरोपीला सोडायचे ते विशेष न्यायालयाने, आणि न्यायालय सकाळी अकराला बसते. अकोल्याची धाव पहाटेची होती. साहेबांनी दोन-तीन फोन केले. पलीकडची माणसे चांगली बोलली, पण यादीतले नाव पुकारल्यावर जो हजर नाही तो बाद, हा त्यांचा नियम होता. हजारो मुले असतात, नियम तसाच लागतो. गुरुवारी पहाटे मी ठाण्यात होते. मुलगा लॉकअपमध्ये उभा होता. बसला नाही. उजाडल्यावर बसला.

दुपारी आदेश आला. त्याला बाहेर आणले तेव्हा जवानाचे वडील बाकावर बसून होते. त्यांना कुणी बोलावले नव्हते. ओळख करून द्यायची गरज पडली नाही; काय घडले ते मुलाला सकाळीच सांगितले होते. मुलगा पुढे झाला आणि त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागे ओढले.

"पाया नको पडू रे. सरळ उभा राह्य."

तो उभा राहिला.

"तुह्यं सगळं वाया घातलं मी."

"तुमी काय मुद्दाम केलं, आजोबा? मीबी मुद्दाम नाही केलं."

"थेच तं," ते म्हणाले. "मंग रागवाव कोनावर?"

मुलाच्या आईने त्याचा हात धरला आणि ती त्याला घेऊन गेली. जाताना तिने म्हाताऱ्याकडे पाहिले नाही आणि माझ्याकडेही नाही.

पुढे गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल गेला आणि प्रकरण बंद झाले. सलामीच्या दिवशी पाटीवर पांढरा कपडा टाकला होता. माजी सैनिक आले, तहसीलदार आले, आम्ही सलामी दिली. वस्तीतून कुणी आले नाही, पुऱ्यातूनही नाही. पावसाळ्यानंतर ग्रॅनाइटची नवी पाटी बसली. सोबत चारी बाजूंनी लोखंडी जाळी आणि कुलूप. ती सूचना आमच्याच ठाण्याच्या अहवालात होती, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ती चूक म्हणता येणार नाही. त्या कोपऱ्यात आता मुले धावायला जमत नाहीत.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे नव्या अधिकाऱ्यांच्या एका वर्गात मला विचारले गेले होते. मी म्हणाले, गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवत असतो, हे खरे. पण तो गुन्हाच लपवतो असे नाही. त्या आठवड्यात दोन माणसे गप्प होती. एकाला आपला नवस जपायचा होता, दुसऱ्याला आपल्यासाठी उन्हात बसलेली माणसे. दोघांची तोंडे उघडली तेव्हा तपास पूर्ण झाला आणि दोघांचेही होते ते गेले. तपास बरोबर होता. तरी त्याचे समाधान मला कधी वाटले नाही. वर्गात हे शेवटचे मी बोलले नाही.

राजीनामा देण्याच्या थोडे आधी त्या मुलाचा फोन आला. पुण्याकडे एका कारखान्यात सुरक्षारक्षकाची नोकरी लागत होती, चारित्र्य पडताळणीत जुना गुन्हा दिसत होता. कोणता कागद जोडायचा ते मी सांगितले. काम झाल्यावरही त्याने फोन ठेवला नाही.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"नवस सांगून टाकला, म्हणून झालं काय हे?"

त्याला तो मी सांगायला लावला होता. मी "नाही" म्हणाले. तो "बरं" म्हणाला. पोलिसाने सांगितलेले माणसे ऐकून घेतात तसे.

मग त्याने विचारले, "नव्या पाटीवर त्यायचं नाव नीट आलं नं?"

"नीट आलंय," मी म्हणाले. तेवढे मी स्वतः जाऊन पाहून आले होते.